डोक्याला मुका मार: बरं होणं आणि कामावर परतणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गाडीवरून पडलात, न्हाणीघरात पाय घसरला, माळ्यावरचा डबा डोक्यावर आला. सीटी स्कॅन स्वच्छ निघाला आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्यानंतरच्या दिवसांसाठी हे पान आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. माझ्याकडे येणाऱ्यांत दुचाकीवरून पडलेलेच जास्त असतात आणि त्यांचे, त्यांच्या घरच्यांचे प्रश्न बहुतेक हेच असतात. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. मग डोकं अजून का दुखतंय?

सीटी स्कॅन करतात तो रक्तस्राव, मोडलेलं हाड किंवा मोठी सूज शोधण्यासाठी. ऑपरेशनची गरज आहे का, हे त्यातून कळतं. ती गरज नाही हे कळलं, हा फार मोठा दिलासा आहे. पण डोकं जोरात हलतं तेव्हा मेंदूतल्या पेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींच्या आतल्या-बाहेरच्या सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचा तोल बिघडतो. तो सावरायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. यातलं काहीही सीटीवर दिसत नाही. साध्या एमआरआयवरही बहुतेकदा दिसत नाही.

पावसाळ्यात गावाकडे व्होल्टेज कमी असतं तेव्हा दिवा लागतो, पंखाही फिरतो. मिक्सर लावला की मात्र सगळंच मंदावतं. पहिले काही आठवडे मेंदूचं तसंच असतं. बसून गप्पा मारताना माणूस अगदी ठणठणीत वाटतो आणि अर्धा तास हिशेब केला की त्याचं डोकं धरतं. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुला काही झालेलं नाही’ हे खरं नाही. ‘मेंदूला मार लागला, आता हा पूर्वीसारखा होणार नाही’ हेही तितकंच खोटं आहे. बहुतेकांचा मेंदू हा तोल स्वतःहून सावरतो. आपण त्याला योग्य तेवढंच काम द्यायचं असतं.

इजा ‘सौम्य’ आहे हे कशावरून ठरवतात?

ग्लासगो कोमा स्केलवरून. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ती मांडली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल पाहून ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ गुण, बेशुद्धी असलीच तर अर्ध्या तासाच्या आतली आणि अपघाताच्या आगेमागचा विसर २४ तासांच्या आतला असेल तर इजा सौम्य धरतात. शुद्ध गेलीच नाही तरी ही इजा होऊ शकते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

हे सगळं पहिल्या दिवशीच्या अवस्थेवरून ठरतं. त्रास पुढे किती दिवस चालेल ते त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून डिस्चार्ज कार्ड घेताना एक गोष्ट आवर्जून करा. शुद्ध किती वेळ हरपली होती, काय काय आठवत नाही, उलट्या झाल्या का, हे कार्डावर लिहून मागा. नुसतं ‘डोक्याला मार, सीटी नॉर्मल’ एवढंच लिहिलेलं कार्ड पुढे रजेसाठी, विम्यासाठी आणि दुसऱ्या डॉक्टरांसाठीही कमी पडतं.

घरी आल्यावर कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत दवाखाना गाठायचा?

पहिल्या दोन-तीन दिवसांत पुढचं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

- डोकेदुखी वाढतच चालली आहे
- पुन्हा पुन्हा उलट्या होत आहेत
- झटका (फिट) आला
- माणूस गुंगीत जातोय, हाक मारली तरी नीट जागा होत नाही
- बोलणं अडखळतंय, असंबद्ध बोलतोय, ओळखीची माणसं ओळखत नाही
- एक हात किंवा पाय लुळा पडतोय, तोल जातोय
- डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसतात
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव किंवा रक्त येतंय
- दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं झालंय

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा वय ६५च्या पुढे असेल, तर मार किरकोळ वाटला तरी तपासून घ्या. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळही घालवू नका. त्याची मान न हलवता मदत बोलवा.

डोक्याला मार लागलेल्याला झोपू द्यायचं नाही, हे खरं का?

डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, झोपेची गरजच असते. पहिल्या रात्री कुणीतरी जवळ असावं. डॉक्टरांनी मध्ये उठवून बघायला सांगितलं असेल तर उठवा. दर तासाला गदागदा हलवून नाव-गाव विचारत बसलात तर दोघांचीही झोप मोडते, दुसरं काही साधत नाही.

किती दिवस झोपून राहायचं?

दोन दिवस. ‘महिनाभर अंधाऱ्या खोलीत, कुणी बोलायचं नाही’ हा सल्ला आता मागे पडला आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मुलांवर आणि तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला एक-दोन दिवसांची विश्रांती सांगितली, दुसऱ्याला पाच दिवस कडक विश्रांती. पाच दिवसवाल्यांनी जास्त त्रास नोंदवला. खेळातल्या डोक्याच्या दुखापतींवर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली. तिनेही पहिले २४ ते ४८ तास सबुरीने घ्यायचं आणि मग हलक्या चालण्याने सुरुवात करायची, असंच सांगितलं.

पहिल्या दोन दिवसांतही पलंगाला खिळून राहायचं नाही. उठायचं, आंघोळ करायची, घरातल्या घरात फिरायचं, दोन शब्द बोलायचे. तिसऱ्या दिवसापासून सकाळी दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना बोलता यावं इतक्याच वेगाने.

त्रास वाढला तर काय, याचा एक मोजता येणारा नियम आहे. चालायच्या आधी डोकेदुखीला दहापैकी गुण द्या. चालताना ते फार तर दोनने वाढले आणि तासाभरात उतरले तर काही बिघडलेलं नाही. त्याहून जास्त वाढले किंवा तासाभरात उतरलेच नाहीत, तर उद्या थोडं कमी. हा ‘दोन गुण, एक तास’ नियम लक्षात ठेवा. कामावर परततानाही तोच लागणार आहे.

मोबाईल, टीव्ही?

पहिले दोन दिवस बाजूला ठेवा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिले ४८ तास स्क्रीन टाळणाऱ्यांचा त्रास लवकर ओसरला. त्यानंतर थोडा थोडा वेळ चालेल, ब्राइटनेस कमी करून. झोपण्यापूर्वी मात्र नको. रीळ सरकवत राहण्यापेक्षा जुनी गाणी किंवा कीर्तन ऐकणं डोक्याला कितीतरी हलकं जातं.

डोकेदुखीसाठी कोणती गोळी घ्यायची?

पहिल्या एक-दोन दिवसांत पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन असलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय नको, कारण रक्तस्रावाची शक्यता अजून पूर्ण टळलेली नसते.

पुढची अडचण जास्त दिसते. मेडिकलमधून पट्टी आणली जाते आणि रोज एक गोळी पोटात जाते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असं काही महिने चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग माणूस म्हणतो, ‘मार लागल्यापासून थांबलंच नाही.’ गोळी घेतलेल्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करत जा. आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त खुणा दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा.

पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतात?

मोठ्या माणसांत बहुतेकांना दोन आठवडे ते तीन महिने. मुलांना साधारण चार आठवडे. दहातल्या एक-दोघांचा, काही अभ्यासांत त्याहून जास्त जणांचा, त्रास तीन महिन्यांपुढे रेंगाळतो. आधीपासून अर्धशिशी, चिंता किंवा नैराश्य असणाऱ्यांना, आधीही डोक्याला मार बसलेल्यांना आणि पहिल्या आठवड्यात फार त्रास झालेल्यांना जास्त वेळ लागू शकतो.

सुधारणा सरळ चढत्या रेषेत होत नाही. चार दिवस छान जातात, पाचव्या दिवशी लग्नाला जाऊन आलं की पुन्हा डोकं धरतं. त्याचा अर्थ आजार उलटला असा नसतो.

कामावर कधी जायचं?

बहुतेक जण हा प्रश्न दोनपैकी एका टोकावरून विचारतात. एक म्हणतो, ‘पूर्ण बरा झाल्याशिवाय जाणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘उद्यापासून जातो, बसून काय करू?’ दोघांनाही माझं उत्तर सारखंच असतं. त्रास शून्य होण्याची वाट पाहू नका आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करू नका. हळूहळू वाढवत नेलेलं काम हा उपचाराचाच भाग आहे. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तर महिन्याभरात निम्म्याहून अधिक जण कामावर परततात आणि सहा महिन्यांच्या आत दहापैकी आठजण. म्हणजे शेजारचा आठवड्यात रुजू झाला आणि तुम्हाला महिना लागला, तर त्यात तुमचा काही दोष नाही.

मी साधारण अशी पद्धत सांगते. आधी घरी तालीम करायची. कामात जे करता त्याच्या जवळचं काहीतरी सलग अर्धा-पाऊण तास करून पाहा. शिक्षक असाल तर वह्या तपासा, हिशेब पाहत असाल तर जुनी खतावणी घेऊन बसा, मेकॅनिक असाल तर पंखा उघडून पुन्हा बसवा. ‘दोन गुण, एक तास’ नियमात बसलं की दिवसातून दोनदा करा. ते जमलं की कामावर अर्धा दिवस, शक्यतो एक दिवसाआड. मग रोज अर्धा दिवस, मग पाऊण, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर निदान दोन-तीन दिवस थांबायचं आणि त्रास वाढला तर एक पायरी उतरायची.

सोमवारी रुजू होऊ नका. गुरुवारी व्हा. दोन दिवस काम झालं की मध्ये सुट्टी येते आणि अंगाला काय झेपतं त्याचा अंदाज येतो. मार्चअखेर, ऑडिट, परीक्षेचे पेपर तपासण्याचा आठवडा, असं काही तोंडावर असेल तर तो काळ टाळून तारीख ठरवा.

एका पतसंस्थेतल्या रोखपाल बाईंचं सांगते. स्कूटरवरून पडल्या होत्या. दहाव्या दिवशी पूर्ण वेळ रुजू झाल्या, कारण सगळे म्हणत होते की चेहरा तर टवटवीत दिसतोय. सकाळ छान गेली. दुपारी तीननंतर पाचशेच्या नोटांचं बंडल मोजताना मध्येच कुणीतरी ‘मॅडम, पासबुक’ म्हणायचं आणि आकडा निसटायचा. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी रोख जुळेना आणि त्या काउंटरवरच रडायला लागल्या. त्यांची बुद्धी कुठे गेली नव्हती. मोजणं, ऐकणं आणि उत्तर देणं ही तीन कामं एकाच वेळी पेलत नव्हती. पुढचे तीन आठवडे त्यांना दुपारी दोनपर्यंतच बसवलं, काउंटरऐवजी मागच्या टेबलावर व्हाउचर लावायला दिले आणि एका वेळी एकच काम ठेवलं. त्या आज पूर्वीच्याच जागेवर आहेत.

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढंच असतं. मधलं काय?

हीच आपल्याकडची खरी अडचण आहे, आणि ती मला मनापासून खुपते. सोमवारपर्यंत अनफिट आणि मंगळवारपासून फिट, असं कुठलंच डोकं बरं होत नाही. पण ऑफिसला कागद तसाच लागतो, म्हणून डॉक्टर तसाच देतात. मग माणूस एक तर पगार बुडवून घरी बसतो, नाहीतर पूर्ण भार घेऊन आठवड्याभरात पुन्हा आजारी पडतो.

डॉक्टरांना स्पष्ट सांगा की अटींसह फिटनेस लिहून द्या. बहुतेक जण देतात, त्यांना कुणी तसं मागितलेलंच नसतं. मजकूर साधा असावा: ‘अमुक तारखेपासून दोन आठवडे रोज चार तास हलकं काम. दर तासाला दहा मिनिटं विश्रांती. उंचीवर चढणं, वाहन चालवणं, फिरत्या यंत्रावर काम आणि रात्रपाळी नको. अमुक तारखेला फेरतपासणी.’ कारखान्यात ‘लाइट ड्युटी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, तोच शब्द वापरा. तारखा नक्की घाला. अमर्याद सवलत मागितली की मालक बिचकतो, दोन आठवड्यांची मागितली की बहुतेकदा मान्य करतो.

साहेबांना आणि सहकाऱ्यांना काय सांगू? बाहेरून तर काहीच दिसत नाही.

प्लास्टर असतं तर कुणी विचारलं नसतं. त्रास लपवूही नका आणि रोज उगाळूही नका. एकदाच, शक्य तर लेखी, तीन गोष्टी कळवा: काय झालंय, सध्या काय जमत नाही, कधीपर्यंत. ‘मला बरं नाही’ यापेक्षा ‘सलग तासाभरापेक्षा जास्त वेळ मीटिंगमध्ये बसलो की डोकं दुखतं, म्हणून पुढचे दोन आठवडे मीटिंग पाऊण तासाच्या ठेवू या’ हे ऐकणाऱ्याला पचतं. सूचना तोंडी न देता मेसेजवर द्या, अशी विनंती करा. नंतर पाहता येतात आणि विसरल्याची भीती राहत नाही.

आणि हाताखालच्या माणसाला ‘कामचुकार’ म्हणण्याआधी साहेबांनी एवढं पाहावं की तो सकाळी कसा असतो आणि दुपारी चारला कसा असतो.

माझं काम टेबलावरचं नाही. मग?

परांचीवर, खांबावर किंवा शिडीवर चढायचं असेल तर चक्कर पूर्ण थांबून तोल तपासून होईपर्यंत चढू नका. इथे अर्धा दिवस चालेल वगैरे काही नाही. प्रेस, लेथ, यंत्रमाग, ऊस तोडायचा कोयता, लाकूड कापायची करवत, या सगळ्याला तोच नियम. हात क्षणभर उशिरा मागे आला तर बोट जातं. तोवर पॅकिंग, मोजणी, स्टोअर, गेटवरची नोंद असं काही मागून घ्या.

उन्हातलं काम डोकेदुखी वाढवतं. शेतावर जायचंच असेल तर सकाळी लवकर जा, पाणी भरपूर प्या आणि डोक्यावरून ओझं नेऊ नका, कारण मानेलाही धक्का बसलेला असतो. रात्रपाळी सगळ्यात शेवटी. झोप नीट होत नाही तोवर बाकीचं काहीच नीट होत नाही.

संगणकावर बसणाऱ्यांनी अक्षर मोठं करावं, ट्यूबलाइटच्या थेट खाली बसू नये आणि एका वेळी एकच खिडकी उघडी ठेवावी. गॉगल आणि कानातले बोळे मात्र दिवसभर घालून बसू नका, त्याने प्रकाश आणि आवाज उलट जास्त सोसेनासे होतात. गणपतीतल्या ढोलताशाच्या वेळी जरूर घाला.

मी नोकरी करत नाही, घरीच असते. मला कधीपासून काम करता येईल?

नवरा किंवा मुलगा पडला तर घर त्याला महिनाभर सांभाळतं. घरातली बाई पडली की चौथ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असते. तिला सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून तिला रजाही मिळत नाही. आणि स्वयंपाकघर ही डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी सगळ्यात कठीण जागांपैकी एक आहे. एका शेगडीवर दूध, दुसरीवर कुकर, हातात पोळी, मिक्सरचा आवाज, बाहेर टीव्ही आणि मागून ‘आई, माझा डबा?’ या सगळ्याचं भान एकाच वेळी ठेवणं कुठल्याही ऑफिसच्या कामाइतकंच अवघड आहे.

म्हणून इथेही पायऱ्याच. पहिला आठवडा बसून करायची कामं: भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या. मग एका वेळी एकच पदार्थ, एकच शेगडी. भाजी सकाळी चिरून ठेवायची, फोडणी नंतर. गॅस लावला की मोबाईलवर टायमर लावायचा. वाकून फरशी पुसणं, पाण्याची बादली उचलणं, माळ्यावरून डबे काढणं ही कामं निदान दोन-तीन आठवडे दुसऱ्या कुणीतरी करायची. खाली वाकलं की डोक्यात ठोके पडतात, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळेल.

एक गोष्ट फार कमी वेळा विचारली जाते. डोक्याला मार लागल्यावर काहींचा वास जातो आणि ते आठवड्यानंतर लक्षात येतं, जेव्हा भाजी करपते आणि कळतच नाही. हिंगाचा डबा, कॉफीची पूड नाकाशी धरून बघा. वास येत नसेल तर डॉक्टरांना सांगा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की गॅस गळत असेल तर मला कळणार नाही. रात्री सिलिंडर दुसऱ्या कुणीतरी बंद करायचा.

सासूबाई, जाऊबाई, यजमान यांनी हे उत्तर वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाडी कधी चालवू? लोकलने जाऊ का?

पहिले २४ तास तर मुळीच नाही. त्यानंतरही चक्कर, धूसर दिसणं, गुंगी किंवा मान वळवताना दुखणं आहे तोवर दुचाकी, चारचाकी, रिक्षा काहीही नको. पोटापाण्यासाठी वाहन चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावं. झटका येऊन गेला असेल तर नियम आणखी कडक असतात.

लोकलची गर्दी हेच पुष्कळांसाठी निम्मं काम असतं. कल्याण किंवा विरारहून उभ्याने आलात तर ऑफिसला पोचेपर्यंतच दमता. सुरुवातीला वेळ बदलून घ्या, अकरानंतरची गाडी पकडा. दारात उभे राहू नका.

कूस बदलली की खोली गरगर फिरते.

हे काही सेकंदच होत असेल, झोपताना, उठताना किंवा वर बघताना, तर बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सुटले आहेत. मारानंतर हे सर्रास होतं आणि सगळ्यात सोपा इलाज याचाच आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागी नेतात. त्याला एप्लीची क्रिया म्हणतात. पुष्कळदा एक-दोन वेळांतच गुण येतो. चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहू नका, त्यांच्यामुळे मेंदूला तोल पुन्हा शिकायला उलट वेळ लागतो.

मी चिडचिडा झालोय. मध्येच रडू येतं. हे मनाचं आहे का?

मेंदूचं आणि मनाचं अशी इथे फाळणी करता येत नाही. झोप मोडलेली, डोकं दुखणारं, पगार अडकलेला आणि घरचे म्हणताहेत ‘आता तरी उठ’. चिडचिड झाली तर नवल नाही. अपघाताची दृश्यं डोळ्यांसमोर येणं, त्या रस्त्याने जायला भीती वाटणं हेही होतं. दोन-तीन आठवड्यांत ओसरत नसेल तर सांगायला लाजू नका, कारण उपचार आहेत आणि ते लागू पडतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच घरात कुणाला तरी सांगा आणि हा नंबर लावा.

तीन महिने झाले, अजून त्रास आहेच. आता काय?

पुन्हा सीटी काढत बसण्यापेक्षा त्रासाचे भाग वेगळे करून घ्या. डोकेदुखी अर्धशिशीच्या जातीची आहे, मानेतून येतेय की गोळ्यांमुळे? चक्कर कानाची आहे का? जवळचं वाचताना डोळे एकत्र वळतात का? झोप किती, घोरणं आहे का? उदासी आहे का? यातल्या प्रत्येकाचा इलाज निराळा आहे आणि एकेक सुटला की उरलेलं ओझं आपोआप हलकं होतं. विसराळूपणाची तक्रार बहुतेकदा झोप आणि डोकेदुखी आटोक्यात आल्यावर कमी होते. तोवर खिशात एक छोटी डायरी ठेवा, लिहून ठेवण्यात कमीपणा काही नाही.

बदाम, तूप, ब्राह्मीचं तेल?

बदाम खा, तेलाने डोक्याला हलका हात फिरवला तर बरंही वाटेल. जखम किंवा टाके असतील तिथे नको, आणि जोरात मालीश, मान मोडणं अजिबात नको. दारू मात्र पूर्ण बंद.

आजोबा महिन्यापूर्वी पडले होते, तेव्हा काही नव्हतं. आता गोंधळल्यासारखे करतात.

आजच तपासा. म्हातारपणी डोक्याला मार लागल्यावर मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठत जाऊ शकतं आणि त्रास काही आठवड्यांनी दिसतो. पाय ओढणं, झोपाळूपणा, बोलण्यात घोटाळा. ‘वयाप्रमाणे होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. वेळेत कळलं तर बहुतेकदा लहान छिद्र पाडून रक्त काढता येतं आणि माणूस पुन्हा पूर्वीसारखा हिंडू-फिरू लागतो.

रजेच्या काळात पैशांचं काय?

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) कपात दिसत असेल तर आजारपणाच्या रजेत सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी वर्गणीच्या काही अटी आहेत. इजा कामावर झाली असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के असतो आणि डॉक्टर प्रमाणपत्र देतील तोवर चालतो. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही त्यात बसू शकतो. म्हणून अपघाताची खबर मालकाला लगेच आणि लेखी द्या, पोच घ्या.

रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची २०२५ ची योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार होतात. दुसऱ्याच्या गाडीने धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे डोकं शांत होईपर्यंत थांबू नका, घरातल्या कुणाला तरी वकिलाकडे पाठवा. पोलिसांचे कागद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, रजेचा हिशेब एकाच फाइलमध्ये ठेवा.

मुलगा क्रिकेट, कबड्डी खेळतो. त्याला कधी सोडू?

आधी शाळा पूर्ण वेळ जमू दे, मग मैदान. सुरुवात एकट्याने धावण्याने, मग सराव. पकड किंवा धडक असलेला खेळ सगळ्यात शेवटी, आणि तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसणं धोक्याचं असतं.

अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसतंय. तेच वापरू का?

नको. आतला थर्माकोलसारखा थर धक्का सोसताना दबतो आणि पुन्हा फुगत नाही. पुढच्या वेळी तो तुम्हाला वाचवणार नाही. आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा आकडा पाहून नवीन घ्या, डोक्याला घट्ट बसेल असं, आणि पट्टा प्रत्येक वेळी लावा. मागे बसणाऱ्यासाठीही एक घ्या.